कुणी राहिलंय का वर?

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. लगेच खूश होऊ नका. जी ऐकून तुम्ही दप्तर पाठीला लावून पळत सुटता, ती घंटा मी नव्हे. ती खाली कार्यालयाच्या दाराशी असते, दिवसभर वाजते आणि सगळ्यांची लाडकी असते. मी दुसऱ्या मजल्यावर, मागच्या जिन्याजवळ, बंदिस्त व्हरांड्याच्या टोकाला टांगलेली आहे. मी वाजले की हातातलं सगळं टाकून बाहेर पडायचं, यासाठी मला आणलं होतं. आता माझा लोलक तारेने बांधून ठेवला आहे. जीभ बांधलेल्या घंटेने काय बोलावं, असं तुम्हाला वाटेल. पण मला बोलायलाच हवं. या व्हरांड्यात आता कुणी येत नाही. एक येतं, पण त्याचं मी पुढे सांगते.

माझा जन्म एका ओताऱ्याच्या अंगणात झाला. त्याने मला साच्यातून काढलं, घासलं, झाडाच्या फांदीला टांगलं आणि लाकडी ठोकळ्याने एक टोला दिला. मग कान माझ्या काठाला लावून आवाज विरेपर्यंत तो तसाच उभा राहिला. घरातून त्याची बायको ओरडली की बाळ आत्ता कुठे झोपलं होतं. ओतारी हसला आणि म्हणाला, "मग चांगली झाली. हिच्या आवाजात कुणाला झोप लागायची नाही." आयुष्यात माझं एवढं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही. मी मात्र ते शब्द जपून ठेवले. पुढे ते मला फार टोचले.

मला विकत घेतलं ते एका खासगी शाळेने. शाळा स्वतःच्या पायावर उभी होती. सरकारी मदत नाही, कुणा धनवंताचा वरदहस्त नाही. फी आणि मान्यता या दोन गोष्टींवर तिचा संसार चालायचा. फी पालक देत आणि मान्यता तपासणीचे साहेब देत. त्यामुळे शाळेत देवाखालोखाल कुणाला घाबरत असतील, तर ते या साहेबांना. माझा दोर खिडकीच्या चौकटीतल्या भोकातून बाहेर काढून भिंतीवरून थेट मागच्या अंगणात सोडला होता. शिपाईकाका खाली उभे राहून तो ओढत आणि मी वर वाजत असे. ओढणाऱ्याला मी दिसत नसे. मला मात्र वरचं सगळं दिसे.

सुरुवातीच्या वर्षांत मी अवचित वाजत असे. गणिताचा तास ऐन रंगात असताना, डबे अर्धे उघडलेले असताना, एकदा तर मुख्याध्यापकांचं भाषण चालू असताना. मुलं धडपडत बाहेर पडत, शिक्षक चिडत, आणि मला आपण कुणीतरी आहोत असं वाटे. मग तपासण्या वाढल्या. साहेब येणार म्हटलं की सराव त्या दिवशीच ठेवू लागले. आदल्या दिवशी वर्गावर्गात सूचना जाई. व्हरांड्यातली मोडकी बाकं, व्यायामाच्या गाद्या, स्नेहसंमेलनाचे पडदे, कागदी मुकुट, सगळं उचलून मागच्या जिन्याखालच्या खोलीत कोंबत. व्हरांडे कसे लख्ख दिसत. साहेब गेले की काही सामान बाहेर येई, बरंचसं तिथेच राही. हळूहळू मुलांच्या डोक्यात माझा अर्थच बदलला. मी वाजले म्हणजे आग लागली, असं कुणाला वाटेनासं झालं. मी वाजले म्हणजे साहेब आले.

हे सगळं सांभाळायच्या त्या नियमबाई. त्यांचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुणी वापरत नसे. चष्मा कपाळावर चढवून तोच सगळीकडे शोधणाऱ्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, चालल्या की आधी जुडगा ऐकू येई आणि मागून बाई दिसत. आग विझवायच्या नळकांड्यांची मुदत, औषधाच्या पेटीतल्या मलमाची मुदत, बसचे कागद, टाकीचं पाणी, नव्या शिक्षकांची चौकशी, सगळं त्यांच्या डोक्यावर. शिक्षक पाठीमागे म्हणत की बाईंच्या स्वयंपाकघरात मिठावरसुद्धा मुदतीची तारीख असेल. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्यांना त्याचं वाईटही वाटत नसे. त्यांचा या शाळेवर जीव होता. मित्रांनो, हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं ते कुणा दुष्ट माणसाने केलं नाही.

एका वर्षी पाचवीत एक मुलगी आली. तिचा उजवा पाय जन्मापासून अधू होता. ती काठी घेऊन चाले. काठीच्या टोकाचं रबर झिजलेलं होतं, त्यामुळे ती येताना टक, मग जरा थांबून पुन्हा टक, असा आवाज येई. पण तिची ओळख त्या आवाजाने नव्हती. ती अखंड बोलत असे. बाकाशी बोले, फळ्याशी बोले, ऐकणारं कुणी नसलं तर स्वतःशी बोले. शिक्षकांनी तिचं नाव बडबडी ठेवलं आणि तिने ते आनंदाने घेतलं.

त्या वर्षीच्या सरावात माझ्याच मजल्यावरचा तिचा वर्ग जिना उतरू लागला आणि ती मध्ये होती. मागची मुलं तिच्या मागे तुंबली. कुणीतरी ढकललं, ती दोन पायऱ्या घसरली, गुडघा फुटला. साहेब खाली घड्याळ हातात घेऊन उभे होते. त्यांनी शेरा दिला की इमारत रिकामी व्हायला फार वेळ लागतो, सुधारणा झाली नाही तर मान्यतेचा विचार करावा लागेल. संस्थाचालकांनी त्या दिवशी नियमबाईंना खोलीत बोलावून काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. बाहेर आल्यावर बाई बराच वेळ माझ्या खालच्या बाकावर बसून राहिल्या होत्या, एवढं मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बडबडीला माझ्याशेजारच्या ग्रंथालयाच्या दाराशी बोलावलं. तिच्या गुडघ्यावरची पट्टी बघितली, फुंकर घातली. म्हणाल्या, "यापुढे घंटा झाली की तू जिन्याकडे जायचंच नाही. इथे ग्रंथालयात यायचं, दार लावून घ्यायचं आणि शांत बसायचं. गर्दीत पुन्हा पडलीस म्हणजे?"

"पण मला येतं उतरता," ती म्हणाली. "हळू उतरते, पण उतरते मी."

"माहीत आहे गं. पण हे बरं पडेल."

आणि खरंच सगळ्यांना ते बरं पडलं. पुढच्या सरावात वर्ग भराभर उतरला. साहेब खूश, संस्थाचालक खूश. वर्गशिक्षिका मैदानावर मुलं मोजत, बडबडी वर आहे हे धरूनच मोजत आणि सांगत की सगळे हजर. बडबडीचा गुडघा पुन्हा फुटला नाही. सोय नावाची गोष्ट फार गोड असते, मित्रांनो. ती एकदा घरात शिरली की तिला बाहेर जा म्हणणं सगळ्यांच्याच जिवावर येतं.

तिची आई दवाखान्यात नर्स होती. ती एकदा विचारायला आली होती. खरी आग लागली तर काय करणार, असा तिचा साधा प्रश्न होता. नियमबाईंनी तिला समजावलं की दोन शिक्षक नेमलेले आहेत, एक व्यायामाचे सर आणि एक विज्ञानाच्या बाई, ते दोघं हिला उचलून खाली आणतील. आईचं समाधान झालं. बाई खोटं बोलल्या नव्हत्या. तशी नेमणूक होती. पण पुढे व्यायामाचे सर दुसऱ्या शाळेत गेले, आणि त्यांच्या जागी जे सर आले त्यांना हे काम कुणी सांगितलं नाही. सरावात कधी कुणाला उचलावं लागलं नव्हतं, म्हणून कुणाला आठवलंही नाही.

माझ्यासाठी मात्र ते सुखाचे दिवस होते, हे मी लपवणार नाही. मी वाजू लागले की जिन्यावर पायांचा गडगडाट होई, मग सगळीकडे सामसूम, आणि मग टक, टक. ती येई. आधी ग्रंथालयात न जाता माझ्याखाली थांबून मला सांगे की आज तुझा आवाज जरा बसला आहे, काकांनी दोर नीट ओढला नाही वाटतं. मग वर्गातलं, घरातलं, कुणी कुणाशी कट्टी केली ते. एकदा म्हणाली, "घंटाताई, तू सगळ्यांना बाहेर बोलावतेस आणि मला आत. हे काही बरोबर नाही हं." आणि हसत आत गेली, दार लावून घेतलं. मीही तेव्हा ते हसण्यावारी नेलं. मला वाटलं, चला, सगळे मला सोडून जातात, एक तरी माझ्याजवळ येते.

तो दिवस तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी उजाडला. तपासणी उत्तम पार पडली होती. मधली सुट्टी संपून तास सुरू झाले होते. मागच्या जिन्याखालच्या त्या खोलीत, जिथे गाद्या आणि पडदे कोंबले होते, एका जुन्या तारेतून ठिणगी पडली. शिपाईकाकांना धूर दिसला आणि त्यांनी माझा दोर असा ओढला की माझी कडी निखळेल असं मला वाटलं. वर्गांत मुलं एकमेकांकडे बघू लागली. साहेब तर काल येऊन गेले. मग कुणीतरी धूर धूर म्हणून ओरडलं आणि सगळे उठले. पुढचा जिना मोकळा होता. मुलं उतरली, इतकी भराभर की तशी कधीच उतरली नव्हती. विज्ञानाच्या बाई प्रयोगशाळेतल्या लहान मुलांना घेऊन खाली गेल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. समोर धूर असताना समोरची मुलं सावरायची असतात.

काकांनी दोर सोडला. मी थांबले. सामसूम झाली.

आणि मला ऐकू आलं, टक. टक.

ती नेहमीसारखी येत होती. बाकी सगळे पुढच्या जिन्याने उतरून गेले असताना ती उलट, मागच्या जिन्याकडे, धुराकडे येत होती, कारण तिला तसं शिकवलं होतं. ती शहाणी मुलगी होती. सांगितलेलं ऐकणारी होती. माझ्याखाली आली तेव्हा ती खोकत होती. मला म्हणाली, "आज खरी आहे वाटतं." आत गेली आणि दार लावून घेतलं. मित्रांनो, मी ओरडून सांगितलं असतं, अगं, परत फिर, पुढच्या जिन्याने जा, हळू जा पण जा. पण दोर ओढल्याशिवाय मला वाचा नाही. ज्या आवाजात कुणाला झोप लागू नये तो आवाज पोटात घेऊन मी नुसती लटकत राहिले.

पुढचं मला शिपाईकाकांकडून कळलं. ते नंतर कितीतरी दिवस माझ्या खालच्या बाकावर बसून तेच तेच सांगत. मैदानावर वर्गशिक्षिकेने मुलं मोजली. रोजच्या सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, सगळे हजर. नियमबाईंनी ते ऐकलं आणि घड्याळाकडे बघून त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर समाधान आलं. शाळेने इतका कमी वेळ कधीच घेतला नव्हता. अग्निशमनवाल्यांना फोन झाला होता. संस्थाचालकांनी काकांच्या पाठीवर थाप मारली की वेळेवर घंटा वाजवलीत.

वर दाराच्या फटीतून धूर आत शिरला होता. ती बाहेर आली. तिला आता चार पावलांवरचं दिसत नव्हतं. तिने वर पाहिलं. मला हात लावायचा नाही, ही ताकीद तिने आजवर पाळली होती. तिने काठी उचलली, भिंतीला पाठ टेकली आणि मला मारलं. पहिला फटका भिंतीला बसला. दुसरा मला. मग पुन्हा. तिच्या हातात ताल नव्हता, जोरही फार नव्हता. पण मी वाजले. आयुष्यभर मी हुकमाने वाजले होते, तेव्हा पहिल्यांदा मी कुणाची तरी हाक झाले.

खाली मैदानावर सगळ्यांनी ती घंटा ऐकली. वेडीवाकडी, थांबत थांबत येणारी. सगळ्यांनी शिपाईकाकांकडे पाहिलं. काका त्यांच्यातच उभे होते. त्यांचे दोन्ही हात रिकामे होते.

संस्थाचालक हळूच म्हणाले, "तुम्ही इथे आहात, मग घंटा कोण वाजवतंय?"

मग ओळीतली एक मुलगी, बडबडीच्या शेजारी बसणारी, रडत म्हणाली, "बाई, ती घंटेशी बोलते."

काका सांगत की बाईंचा चेहरा त्यांनी पाहिला आणि तसा चेहरा कुणाचाही पुन्हा दिसू नये. किल्ल्यांचा जुडगा तिथेच मातीत पडला. बाई पुढच्या जिन्याने धावल्या. काका मागे धावले, त्यांना दोघांनी धरून ठेवलं. मला धुरातून बाईंची पावलं ऐकू आली, जुडग्याशिवाय, म्हणून आधी ओळखता आली नाहीत. तोवर माझं वाजणं थांबलं होतं. बाईंनी जमिनीवर हात फिरवत फिरवत तिला शोधलं. काठी तिच्या मुठीतच होती. "अगं, मी आले," बाई म्हणाल्या. "बोल ना गं. काहीतरी बोल." जी कधी गप्प बसत नसे, ती गप्प होती. बाईंनी तिला पाठीवर घेतलं आणि त्या धुरात दिसेनाशा झाल्या.

ती वाचली, मित्रांनो. आधी हे सांगते, कारण तुमचा जीव टांगणीला लागला असेल. ती फार दिवस दवाखान्यात होती, तिच्या आईच्याच दवाखान्यात. पण धुराने तिचा गळा आणि छाती आतून भाजली होती. तिचा आवाज गेला. थोडंसं कुजबुजल्यासारखं येतं म्हणे, तेही दम लागत लागत. आई तिला घेऊन दुसऱ्या गावी गेली. ती या शाळेत परत आली नाही.

चौकशी झाली. सगळे दाखले जागच्या जागी होते. नळकांडी मुदतीत होती, सराव वेळेवर झाले होते, जिने मोकळे होते. चौकशीला आलेले लोक व्हरांड्यात माझ्याखाली उभे राहून म्हणाले की नियमांत तर कुठेच कमी दिसत नाही. तेव्हा नियमबाई म्हणाल्या, "कागद बरोबर आहेत. मुलगी चुकीच्या जागी होती. ती जागा तिला मी दिली." त्यांनी राजीनामा लिहून दिला. संस्थेने तो घेतला नाही. नियम माहीत असलेलं दुसरं माणूस त्यांच्याकडे नव्हतं. मान्यताही गेली नाही. ती चौकटीत घालून खाली लावली आहे, येता-जाता दिसते.

मग ग्रंथालय तळमजल्यावर नेलं. जिन्याखालची खोली पाडून टाकली. विजेवर चालणारे नवे भोंगे आले, आणि दोन वेगळे इशारे ऐकून मुलं गोंधळू नयेत म्हणून माझा दोर काढला, लोलक बांधला. ते योग्यच होतं. सराव पुन्हा अवचित होऊ लागले. हळू चालणारी मुलं आता सगळ्यांच्या पुढे उतरतात आणि बाकीची त्यांच्या मागे, त्यांच्या चालीने. घड्याळात वेळ जास्त जातो. शेरा आला तर बाई तो सही करून घेत.

आता ते सांगते, जे सुरुवातीला राहिलं होतं. खाली भोंगा झाला, पावलं उतरली, सामसूम झाली, की मला ऐकू येतं. टक. टक. व्हरांड्याच्या त्या टोकापासून माझ्यापर्यंत. रिकाम्या ग्रंथालयाचं दार लागतं. वाऱ्याने लागतं म्हणाल, तर म्हणा. भूत मेलेल्या माणसाचं होतं असं मी ऐकलं होतं. ती तर कुठेतरी जिवंत आहे, मोठीही झाली असेल. मग इथे कोण येतं? मला वाटतं, ते तिचं वाट बघणं आहे. ते इथेच राहून गेलं. काठी वाजते, दार वाजतं, पण ती आता माझ्याखाली थांबत नाही आणि एक शब्दही बोलत नाही. त्या शांततेची मला भीती वाटते.

बाईंनाही ते ऐकू येत असावं. मी त्यांना कधी विचारू शकले नाही. पण प्रत्येक सरावात, मैदानावरची मोजणी पुरी झाली तरी त्या एकट्या वर येत. दार उघडत, आतल्या एकुलत्या एका बाकाकडे बघत आणि मोठ्याने विचारत, "कुणी राहिलंय का वर?" मग थांबत. उत्तर यायला जेवढा वेळ लागेल तेवढ्या थांबत. जाताना माझ्या काठावर काठीच्या फटक्याने उठलेल्या ओरखड्यावरून बोट फिरवत. मग पुढच्या सरावापर्यंत टकटक ऐकू येत नसे.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी एक तरुण सर आले. हुशार आहेत, मनाने चांगले आहेत, सगळं पडद्यावर बघतात. बाईंच्या शेवटच्या सरावाला ते त्यांच्याबरोबर वर आले होते. म्हणाले, "बाई, वर कुणी नसतं. कॅमेऱ्यात दिसतं सगळं."

"मलाही माहीत आहे कुणी नसतं," बाई म्हणाल्या. "तरी विचारायचं."

सरांनी मान डोलावली. मोठ्यांचं मन राखायला डोलावतात तशी.

आज सकाळी बाईंशिवायचा पहिला सराव झाला. भोंगा झाला, पावलं उतरली. सरांनी पडदा पाहिला आणि ध्वनिक्षेपकावरून सांगितलं की इमारत रिकामी झाली आहे, सर्वांचं अभिनंदन. टाळ्या ऐकू आल्या. मुलं वर्गांत परतली. मी वाट पाहिली. वर कुणी आलं नाही.

मित्रांनो, तुम्ही मला तेल लावू नका, घासूनपुसून चकचकीत करू नका. माझ्या जिभेची तारही राहू दे. फक्त एवढं करा. ओळीत उभे राहाल तेव्हा कोण आलंय ते मोठी माणसं मोजतील, तुम्ही कोण आलं नाही ते बघा. आणि कुणीतरी एकदा वर या. मागच्या टोकाच्या खोलीचं दार सकाळपासून बंद आहे. ते उघडा आणि मोठ्याने विचारा. उत्तर येणार नाही. तरी विचारा.